इतिवृत्त कोण लिहिणार?

आमच्या कार्यालयातील स्त्री-पुरुष समानता गटात मी सहभागी झालो, त्याला आता सहा वर्षे होतील. पहिल्या बैठकीत पुरुष आम्ही दोघेच होतो. भरतीच्या जाहिरातींतील भाषेविषयी मी एक सूचना मांडली, त्यापलीकडे माझ्या हातून त्या दिवशी काही झाले नव्हते; तरीही बैठक संपल्यावर तीन-चार जणींनी माझे आवर्जून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनीही बोलावून घेऊन कौतुक केले. पुढे गटाची जुनी इतिवृत्ते वाचताना लक्षात आले, की हीच सूचना आमच्या एका सहकारी बाईंनी आदल्या वर्षी दोनदा मांडली होती आणि दोन्ही वेळा ती पुढच्या बैठकीवर ढकलली गेली होती.

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत घडलेले नाही. अमेरिकेतील संशोधक डेव्हिड हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन असे दाखवते, की वरच्या पदावरील स्त्रिया जेव्हा इतर स्त्रियांना संधी मिळावी म्हणून आग्रह धरतात, तेव्हा त्यांच्या कामाचे मूल्यमापन खाली येते. गोऱ्या पुरुषांनी तोच आग्रह धरला तर त्यांचे काही बिघडत नाही. म्हणजे एकाच वाक्याची किंमत दोघांना वेगवेगळी मोजावी लागते. मला वाटते, अशा गटातील पुरुषाचे काम नेमके इथून ठरते: जे बोलल्याने त्याचे काहीच जात नाही, ते त्याने अशा ठिकाणी बोलावे, जिथे बोलल्याबद्दल स्त्रीला मोल द्यावे लागते, किंवा जिथे ती मुळात उपस्थितच नसते.

या संदर्भात मला १८६६ सालची ब्रिटनमधील घटना नेहमी आठवते. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून स्त्री-हक्कांसाठी झटणाऱ्या बार्बरा बोडिशन आणि त्यांच्या मैत्रिणींना संसदेकडे अर्ज करायचा होता. शंभर सह्या आणल्यास आपण तो सभागृहात मांडू, असे तत्त्वज्ञ आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी सांगितले होते आणि स्त्रियांनी सुमारे १,५०० सह्या गोळा केल्या. पुढच्या वर्षी मिल यांनी मताधिकाराच्या विधेयकात ‘पुरुष’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली, ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी फेटाळली गेली. मला यातील कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. मागणी स्त्रियांची होती, सह्या गोळा करण्याचे कष्ट त्यांचेच होते, आणि ज्या दालनात त्यांना प्रवेश नव्हता तिथे ती मागणी नेण्याचे काम एका पुरुषाने केले.

आमच्या काळातील ते दालन म्हणजे बढतीची बैठक. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत आम्ही पाच पुरुष होतो. एका अतिशय सक्षम सहकारी बाईंचे नाव आले, तेव्हा कोणीतरी म्हणाले, “त्यांचे मूल लहान आहे, इतका प्रवास त्यांना झेपणार नाही.” त्यांना कोणी विचारले नव्हते. त्याच यादीतील एका पुरुषाचे मूलही तेवढेच लहान होते, हे मला माहीत होते, आणि तरीही मी गप्प राहिलो. समानता गटात दर महिन्याला बसणारा मी, जिथे माझ्या सदस्यत्वाचा उपयोग होता तिथेच बोललो नाही, याची खंत आजही आहे. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला: उमेदवाराच्या घरच्या जबाबदाऱ्यांचा उल्लेख झाला, की हाच प्रश्न यादीतील सर्वांबाबत विचारला आहे का, असे शांतपणे विचारायचे. बहुतेक वेळा एवढ्यानेच चर्चा कामाकडे वळते. बोलणारा माणूस दुष्ट नसतो, त्याला फक्त कोणी अडवलेले नसते.

दुसरे काम बाहेरून क्षुल्लक दिसते. इतिवृत्त लिहिणे, सभागृह आरक्षित करणे, पाहुण्यांना आठवण करून देणे ही कामे आमच्या समानता गटातही वर्षानुवर्षे स्त्रियाच करत होत्या. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या कामाने बढती मिळत नाही त्यासाठी मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा पुढे आल्या. गटात केवळ स्त्रिया किंवा केवळ पुरुष असताना मात्र हा फरक उरला नाही. याचा अर्थ अशा कामांची आवड स्त्रियांना उपजत असते असे नाही, तर त्या हे काम उचलतील अशी सगळ्यांचीच अपेक्षा असते. म्हणून स्वयंसेवक मागण्याऐवजी आम्ही आळीपाळीची यादी केली. पुरुष सदस्यांनी भाषणाला उभे राहण्यापेक्षा या यादीत नाव घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या गटात सर्वाधिक चर्चा वडिलांच्या रजेची आहे. नॉर्वेने १९९३ साली पालकत्व रजेतील चार आठवडे वडिलांसाठी राखून ठेवले आणि ते त्यांनी न घेतल्यास कुटुंबाच्या हातून जातील, असा नियम केला. तोपर्यंत अगदी थोडे वडील रजा घेत असत. काही वर्षांतच बहुसंख्य वडील ती घेऊ लागले. आमच्याकडे रजा कागदावर आहे, पण ती घेणारे फारच कमी. गेल्या आठवड्यात एक तरुण सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, मी पूर्ण रजा घेतली तर यंदाच्या मूल्यमापनावर परिणाम होणार नाही ना?” लेखी हमी दाखवता येईल असे माझ्याजवळ काहीच नव्हते. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, हा प्रश्न मी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला घातला आहे. त्या बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची पाळी माझी आहे.