सगळ्यांवर गाणं तेच ना?

"तीन-तीन कशाला? एकच ठेव. सगळ्यांवर गाणं तेच लागतं ना?" माझ्या तीन टर्नटेबलांबद्दल, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्रांबद्दल, ताई दुपारी एवढंच म्हणाली आणि पुढच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला लागली. रात्रीचे साडेअकरा होऊन गेले, मी अजून त्या वाक्यापाशीच आहे.

तसं तिचं बरोबर आहे. भाड्याच्या जागेतला हॉल म्हणजे दहा बाय बारा. बिल्डर म्हणतोय तीन वर्षांत नव्या घराचा ताबा. वहिनीच्या सोसायटीचं काय झालं ते आठवलं की... असो. तीन टर्नटेबल तिथे मावणार नाहीत, हे मलाही दिसतंय. मग लागलं काय? "एकच ठेव" नाही लागलं. "तेच ना" लागलं.

तेच कसं असेल? तिघांतलं गॅरार्ड ३०१ घ्या. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातलं, १९५०च्या दशकातलं. मोटर आणि प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, यांच्यामध्ये रबराचं चाक असतं, ते प्लॅटरच्या कडेला आतून टेकून त्याला रेटत नेतं. तो रेटा ऐकू येतो. बालगंधर्वांचं पद लावलं की तबला असा ठाम उतरतो, की सम कुठे आली ते मान सांगते. शिवाय ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या तबकडीची, असते अठराच्या आसपास. ती बारीक सुई या खाचेत घातली तर तळाला जाऊन बसते आणि नुसती खरखर वर आणते. त्या काळातल्या पुष्कळ तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर कापलेल्याही नसत. गॅरार्डला वेग किंचित कमी-जास्त करायची कळ आहे, ती फिरवत फिरवत गाणाऱ्याचा खरा गळा शोधायचा. सापडतो तेव्हा अंगावर काटा येतो. अप्पा ती कळ फिरवायचे तेव्हा बोलायचं नाही, असा घरात नियम होता.

किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी मात्र मी गॅरार्डवर कधी लावत नाही. ती लिनवर. ग्लासगोचं लिन सोंडेक, तीन स्प्रिंगांवर तरंगणारं. पट्ट्यानं, म्हणजे बेल्टनं फिरतं, त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत जवळजवळ पोचत नाही. मग दोन स्वरांमधली जागा मोकळी होते आणि त्या जागेत तानपुरा भरून राहतो, जवारीच्या झणकारासकट. भूपातल्या गंधारावर त्या थांबतात तेव्हा मागे जे चालू असतं ते मला हवं असतं. नुसता गंधार नको.

तिसऱ्या, टेक्निक्सबद्दल थोडक्यात: प्लॅटर थेट मोटरवरच बसतं (डायरेक्ट ड्राइव्ह), वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या धाकात. संवादिनीचा लांबवलेला सूर त्यावर केसभरही हलत नाही. पंचमची, म्हणजे आर. डी. बर्मनची, सत्तरीतली गाणी त्यावरच ऐकावीत, तो बेस दुसरीकडे सैल पडतो.

सुई किंवा ती जिच्यात बसते ती डबी, कार्ट्रिज, बदलली तरी पुष्कळ फरक पडतो, ती धरणाऱ्या दांड्यानं, टोनआर्मनं पडतो, खोलीनं तर सगळ्यात जास्त. कबूल. बेल्ट म्हणजे ख्याल आणि डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे सिनेमा, असा काही कायदा नाही. पण या घरात, या भिंतींमध्ये, या तीन यंत्रांची अशी वाटणी झाली ती ऐकून ऐकून झालेली आहे. ताईच्या ओट्यावर भाकरीचा तवा वेगळा आणि डोशाचा वेगळा. तिला कुणी विचारत नाही, दोन कशाला.

आणि हे ताईनं म्हणावं! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. आतल्या खोलीतून "पंचमाची तार उतरलीय" असं ओरडून सांगणारी ती. ज्यांच्याशी या फरकाबद्दल बोलावं अशी माणसं आता उरली किती? एक तीच होती. तिलाही तेच वाटत असेल तर मी इतकी वर्षं कुणाला ऐकवत होते? संध्याकाळभर हेच चाललं होतं मनात. जेवणावरही वासना नव्हती.

मग आठवलं, सकाळी भांडी गुंडाळताना तिनं मोबाइलवर बागेश्रीच लावली होती. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज येत नाही, तानपुरा तर जवळजवळ नाहीच. आणि ताई बरोबर गात होती, स्वच्छ, आपल्या षड्जावर. तिचा तानपुरा तिच्या आत लागलेला आहे. तिला खरंच सगळ्यांवर तेच ऐकू येत असणार, कारण नसलेलं ती आतून भरून घेते. मी गायला शिकले नाही. (का, ते आज नको.) माझ्या आत तो लागलेला नाही, म्हणून मला तो बाहेरून आणावा लागतो. यात कमीपणा कसला?

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. पाठवणाऱ्यांनी तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली. आवरणावर सुई कशी ठेवायची ते आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागले पाहिजेत हे चित्रांनी कोरून ठेवलं. पलीकडे ऐकायला कोणी असेल की नाही, माहीत नाही. पण ऐकलं तर बाई बाईंसारख्याच ऐकू याव्यात, याची काळजी त्यांना होती. मला ती काळजी फार जवळची वाटते.

तर, गॅरार्ड राहणार. ३३, ४५, ७८ तिन्ही वेग त्याच एकावर आहेत, आणि लाखेच्या तबकड्या मी कुणाच्या गोदामात ठेवणार नाही, एक धक्का बसला की तडकतात. टेक्निक्स भाच्याला, त्याला पंचम आवडतो, वापरेल. लिन ताईकडे. हो, ताईकडेच. तिच्या हॉलमध्ये जागा आहे, बागेश्री ऐकायला मी तिथे जाईन. गॅरार्डवर किशोरीताई लावल्या तर तळाशी मोटरची थोडी घरघर येईल. येऊ दे. दुसरा आर्म बसवून त्यावर एलपीसाठी चांगलं कार्ट्रिज लावलं तर पुष्कळ निभावेल. प्लिंथला, म्हणजे यंत्राच्या खालच्या बैठकीला, तेवढी रुंदी आहे का, ते उद्या खोक्यात भरायच्या आधी मोजते.