विद्यार्थ्यांनी चालवलेली कचेरी

हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, आल्यावर विद्यार्थी संघटनांची संख्या पाहून मी प्रथम गोंधळून गेलो. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांची संघटना आहे, वैचारिक मंडळे आहेत आणि १८८७ साली सुरू झालेले, विद्यार्थीच संपादित करत असलेले ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ आहे, ज्याचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून १९९० मध्ये बराक ओबामा निवडून आले. त्या नियतकालिकाचा दबदबा मोठा आहे. पण मला खरी ओढ लागली ती १९१३ पासून चालू असलेल्या ‘हार्वर्ड लीगल एड ब्युरो’ची.

हा ब्युरो म्हणजे सुमारे ५० विद्यार्थ्यांनी चालवलेली वकिलांची कचेरीच आहे. पदाधिकारी विद्यार्थी असतात आणि अशील बॉस्टन परिसरातील गरीब माणसे असतात: घर रिकामे करण्याची नोटीस आलेले भाडेकरू, मजुरी बुडालेले कामगार, घटस्फोट किंवा मुलांच्या ताब्यासाठी झगडणाऱ्या स्त्रिया. मिशेल ओबामा यांनीही विद्यार्थिदशेत येथे काम केले होते.

या कामाची निकड समजण्यासाठी अमेरिकी कायद्यातील एक उणीव ध्यानात घ्यावी लागते. गंभीर फौजदारी खटल्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९६३ च्या गिडियन खटल्यातील निकालाने दिला. मात्र तो निकाल दिवाणी दाव्यांना लागू नाही, त्यामुळे घरमालकाचा वकील समोर उभा असताना भाडेकरू अनेकदा एकटाच असतो. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नियमानुसार, ठरावीक अटी पूर्ण केलेला विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली न्यायालयात अशिलाची बाजू मांडू शकतो.

पुण्यात शिकताना आम्हीही विधी साहाय्य केंद्रात अर्ज लिहून दिले, वस्त्यांमध्ये शिबिरे घेतली. तथापि आपल्याकडे सनद हाती येईपर्यंत विद्यार्थ्याला अशिलासाठी युक्तिवाद करण्याची मुभा सहसा नसते, आणि माझ्या मते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अशी देखरेखीखालील संधी मिळायलाच हवी.

ब्युरोच्या सभासदाला कायद्याच्या तीन वर्षांच्या मूळ पदवीची दुसरी व तिसरी अशी दोन वर्षे, आठवड्याला किमान २० तास द्यावे लागतात. माझा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा असल्याने मला सभासद होता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु ती अट योग्यच आहे, कारण घर वाचवण्याचा दावा सत्र संपले म्हणून थांबत नाही, आणि पदवी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याची फाइल हाती घेणारा, ब्युरोत एक वर्ष काढलेला दुसरा विद्यार्थी तेथे असावा लागतो.