मी घरात ओढत नाही

सोमवार, रात्री साडेअकरा

आज पाऊस नव्हता म्हणून लेकाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवली होती. अकरा वाजले आणि आधी काडी ओढल्याचा गंधकाचा झणका आला, मग तो वास. धावत जाऊन खिडकी लावली, तोवर तो पडद्यात शिरला होता. आत्ता हे लिहितेय तरी उशीच्या अभ्र्याला येतोय. लेक झोपेतच दोनदा खोकला. मी त्याच्या छातीवर हात ठेवून शिट्टीसारखा आवाज येतोय का ते बघत बसले. नाही आला. पण झोप गेली ती गेलीच.

खालच्या मजल्यावरचे काका रोज जेवण आणि बातम्या झाल्या की गॅलरीत उभं राहून एक सिगारेट ओढतात. एकच. माणूस फार चांगला. सासूबाई जिन्यात पडल्या तेव्हा अर्ध्या रात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारे हेच. त्यांच्याबद्दल तक्रार लिहायला हात धजत नाही. पण खोकणारं मूल माझं आहे, आणि तेही मला लिहायलाच हवं.

लेक सात वर्षांचा आहे. बाळदमा. दप्तरात पंप असतो, कपाटात एक जादा. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "घरात कोणी ओढतं का?" मी ताठ मानेनं "नाही" म्हणाले, त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. खालच्या घरातून काय येतं हे कोणी विचारलं नाही, आणि तेव्हा मलाही सुचलं नाही.

बुधवार

ऑफिसात आज अकराच्या मीटिंगला चौघे जण टपरीवरून थेट आले. दार लावलं, एसी चालू. शेजारी बसलेला मुलगा हुशार आहे, अदबीनं वागणारा आहे, तोंडात वेलची टाकून आला होता. वेलचीनं काही होत नाही. वास शर्टाला असतो, केसांना असतो, बोटांना असतो, आणि पहिली काही मिनिटं तर श्वासालाही. त्यानं माझ्या वहीवर वाकून आकडा दाखवला आणि मी नकळत खुर्ची मागे घेतली. त्याला ते दिसलं. चेहरा पडला त्याचा. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट का वाटावं याचा रागही आला.

हे नेहमी असंच होतं. वासाची तक्रार केली की बोलणं माझ्या नाकावर येतं. "तुला फारच वास येतो बाई." "इतकं काय, एकच तर ओढली." ओढणाऱ्याला स्वतःचा वास खरंच येत नाही, नाकाला सवय झालेली असते, हे मला पटतं. म्हणून तर सांगावं लागतं. पण सांगितलं की मी नाजूक ठरते, कटकटी ठरते. एका जुन्या ऑफिसात तर माझ्यामागे "आली निरीक्षक" असं म्हणायचे.

आणि टपरीवर फक्त धूर सोडला जात नाही. आज मीटिंगमध्ये अर्ध्या गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. कोणी कुठलं काम घ्यायचं, साहेबांचं मत काय आहे, सगळं चहा आणि सुट्ट्या सिगारेटवर झालेलं. मी तिथे उभी राहत नाही म्हणून मला ते सगळ्यात शेवटी कळतं. (२०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं सुट्ट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली. आमच्या टपरीवर पाकीट अजून उघडंच असतं, आणि पेटवायला खांबाला जळती सुतळी टांगलेली.)

रात्री लेक झोपल्यावर वाचत बसले. जर्मनीत माइन्झ शहरातल्या एका सिनेमागृहात संशोधकांनी हवेची मोजणी केली होती, तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. थिएटरात ओढायला बंदी. तरी प्रेक्षक आत आले की हवेत सिगारेटच्या धुरातली द्रव्यं वाढत. बाहेर ओढून आलेल्या लोकांच्या कपड्यांवरून, अंगावरून ती येत होती. एक ते दहा सिगारेटींचा धूर श्वासात जावा इतका काही वायूंचा मारा आत बसलेल्यांवर होत होता. हे वाचून मला रडू आलं. इतकी वर्षं "तुझ्या मनाचे खेळ" ऐकलेल्या माणसाला कोणीतरी यंत्र लावून मोजून "हो, आहे" म्हणालं तर काय वाटेल, तसं वाटलं.

शुक्रवार

आजीची आठवण दिवसभर येत राहिली.

माझं आजोळ सिन्नरचं. गल्लीत बहुतेक बायका विड्या वळायच्या, आजीही. दुपारी ओटीवर मांडीत सूप घेऊन बसायची. भिजवलेली टेंभुर्णीची पानं पत्र्याच्या तुकड्याच्या मापानं कातरायची, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, टोक नखानं दुमडायची. बोलणं चालू असायचं, हात थांबायचे नाहीत. हजार विड्या झाल्या की दिवस झाला. तिच्या घराला जो वास होता तो धुराचा नव्हता. गोडसर, उग्र, वाळल्या गवतासारखा, आणि थोड्या वेळानं घशात टोचणारा.

पण त्या हातांनी तिनं आम्हाला कधी उचललं नाही. सूप बाजूला ठेवायची, मागच्या दारी जाऊन राखेनं हात घासायची, कोपरापर्यंत, मग लुगडं बदलायची, आणि तेव्हा कुठे हाक मारायची. मी एकदा सुपाशेजारी लोळत गेले तर पाठीत धपाटा बसला होता. "तंबाखूचा हात लेकराला लावायचा नसतो गं," एवढंच म्हणायची. तिला कोणी समजावून दिलेलं नव्हतं. सुईणीनं सांगितलं असेल किंवा पहिलं बाळ आजारी पडून शिकली असेल.

खोटं कशाला लिहू, ती मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर भाजून काळी भुकटी करायची आणि सकाळी दातांना चोळत अर्धा तास बसायची. सुटली नाही ती शेवटपर्यंत. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा तोंडात धरायचीच रीत मोठी. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभरातले चारदेखील मोठे लोक ओढणारे निघाले नव्हते, आणि खाणारे-लावणारे मात्र चोवीस. पण मिश्री भाजायची वेळ आली की आजी चूल अंगणात मांडायची आणि आम्हा पोरांना पार मारुतीच्या देवळापर्यंत हाकलायची. "खाट उठंल, जावा तिकडं." खाट म्हणजे भाजताना उठणारा, घशाला झोंबणारा धूर. वाऱ्याची दिशा बघून तवा ठेवायची. शेजारणीची वाकळ दोरीवर असेल तर आधी ओरडून सांगायची, काढून घे म्हणून.

व्यसन तिलाही होतं. आपला खाट कुणाकडे जातोय हे मात्र ती बघायची.

शनिवार

आज आईशी फोनवर बोलताना पंचवटी एक्सप्रेसचा विषय निघाला. मी आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही नाशिकरोडहून मुंबईला जायचो. समोरच्या बाकावर पत्त्यांचा डाव आणि धूर. आई पदर नाकाला लावून खिडकीकडे तोंड करून बसायची आणि माझं डोकं मांडीत दाबून धरायची. कल्याण येईपर्यंत तशीच. मी तिला आज विचारलं, "बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "सगळे पुरुष. आणि कोण ऐकणार होतं?"

मी तिला सांगितलं की १९८९ च्या रेल्वे कायद्यातच लिहिलेलं आहे, डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशानं हरकत घेतली तर ओढता येणार नाही म्हणून. दंड शंभर रुपयांपर्यंत. आई जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे हरकत मीच घ्यायची होती."

हेच ते. मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईनं पत्ते खेळणाऱ्या सहा जणांना उठून सांगायचं. सांगितलं नाही, तर तिची संमती आहे असं धरायचं.

पुढे बदललं, आणि बऱ्यापैकी बदललं. मुंबईचेच नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ च्या नोव्हेंबरात न्यायालयानं दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे इथे ओढण्यावर बंदी घाला असा आदेश दिला. २००३ मध्ये कायदा आला, २००८ च्या गांधीजयंतीपासून सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले, दोनशे रुपयांपर्यंत दंड. आज मी लेकाला घेऊन त्याच गाडीनं जाते आणि मला पदर लागत नाही. ज्यांनी हे घडवून आणलं त्या प्रत्येकाची मी ऋणी आहे. पण माणसाच्या स्वतःच्या गॅलरीला तो नियम लागत नाही. तिथे हरकत पुन्हा मलाच घ्यायची आहे.

जपानमधल्या त्या बायकाही सारख्या डोळ्यांपुढे येतात. ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकानं ९१,५४० बायकांची चौदा वर्षं नोंद ठेवली होती. यांतल्या एकीनंही स्वतः सिगारेट ओढलेली नव्हती. १९८१ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचे नवरे दिवसाला वीस किंवा जास्त सिगारेटी ओढत, त्या बायकांना फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा जवळजवळ दुप्पट होता. चौदा वर्षं. त्यांतल्या किती जणींनी नवऱ्याला एकदा तरी "बाहेर जा" म्हटलं असेल?

रविवार, संध्याकाळ

गेले. डब्यात थालीपीठं घेऊन गेले, रिकाम्या हातानं जाणं जमेना.

काकूंनी दार उघडलं. "अगं ये ये." घर लखलखीत. उदबत्तीचा वास, ताज्या पॉलिशचा वास, सिगारेटचा जराही नाही. एवढं स्वच्छ घर की मला क्षणभर वाटलं मी उगाच आले. काकांची नात खाली सतरंजीवर चित्रं रंगवत बसली होती.

मी सरळ सांगितलं. घुमवून बोलायचं ठरवून गेले होते, पण नातीला बघून सरळच बोलले. "काका, तुमच्या सिगारेटचा धूर वर लेकाच्या खोलीत येतो. त्याला दमा आहे."

काका खरोखर दचकले. "अगं, पण मी घरात ओढत नाही! कधीच नाही. ही जन्मली तेव्हापासून उंबऱ्याच्या आत एकही नाही. गॅलरीचं दार लावून घेतो, ओढून झालं की शर्ट बदलतो, हात साबणानं धुतो, मगच आत."

हे म्हणताना त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. मला आजीचे कोपरापर्यंत घासलेले हात दिसले. हा माणूस नातीसाठी तेच सगळं करत होता. फक्त दार लावल्यावर धूर कुठे जातो, तिथे त्यांचं बघणं थांबलं होतं. आपलं घर वाचलं म्हणजे धूर संपला असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मी म्हणाले, "तो वर येतो, काका."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू स्वयंपाकघरात गेल्या. मग काका म्हणाले, "चाळीस वर्षं झाली गं. तीसवरून एकावर आलोय. ती एक सुटत नाही." पासष्टीच्या माणसानं माझ्यापुढे असं बोलावं, मला नजर वर करवेना. पाया पडून निघाले. "उद्यापासून येणार नाही वास," ते दारात म्हणाले.

गुरुवार

चार रात्री झाल्या. वास नाही. पडदे धुतले, अभ्रे धुतले. लेक गाढ झोपतोय. काल पहिल्यांदा अकरानंतरही खिडकी उघडी राहिली, ओल्या कडुनिंबाचा वास आत आला आणि मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले.

आज रात्री सव्वाअकराला कचरा टाकायला खाली गेले. पाऊस भुरभुरत होता. गेटजवळ वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याखाली काका उभे होते, बोटांत तांबडा ठिपका. मला बघून त्यांनी हात वर केला, समाधानानं, दिलेला शब्द पाळलेल्या माणसासारखा. मीही हात केला. ते सिगारेट विझवून, थोटूक कागदात गुंडाळून खिशात घालून लिफ्टकडे गेले.

केबिनचं दार उघडंच होतं. आत चार बाय चारची जागा, पंखा बंद, आणि धूर छताला लोंबत होता. वॉचमनदादा नांदेडकडचे आहेत, माळकरी, सुपारीही खात नाहीत. तोंडाला गमछा लावून नोंदवही चाळत बसले होते.

"दादा, त्रास होतो का हो?"

त्यांनी आधी लिफ्टकडे पाहिलं. दार बंद झालं होतं.

"रोज येतेत आता, पावसामुळं इथंच थांबतेत," ते म्हणाले. "मोठी मानसं हायेत ताई. म्या काय बोलू?"

वर आले. लेकाला पांघरूण नीट केलं, खिडकी उघडीच होती. उद्या संध्याकाळी पुन्हा काकांकडे जायचं आहे. या वेळी डबा नेणार नाही.