तुमच्या काखेतल्या गाठी नाही काढल्या?

स्तनाच्या ऑपरेशननंतर ड्रेसिंगच्या रांगेत शेजारच्या बाईंनी विचारलं. त्यांच्या हाताला मनगटापासून दंडापर्यंत घट्ट इलॅस्टिकची बाही. ती जरा वर सरकवून त्यांनी सुजेवर उमटलेला वळ दाखवला. मी नाही म्हटलं. केमो? नाही. गोळ्या तरी? त्याही नाहीत. त्या गप्प झाल्या. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, माझ्या बाबतीत काही करायचं राहून तर गेलं नाही ना?

सर्जननी समजावलं होतं. मॅलिग्नंट फायलोड्स, म्हणजे मला झालेला स्तनातला कर्करोग, दूधनलिकांच्या अस्तरात सुरू होत नाही, त्यांना आधार देणाऱ्या ऊतींत वाढतो. पसरलाच तर रक्तातून, बहुधा फुप्फुसांत. काखेत क्वचितच. म्हणून काख तशीच ठेवली आणि छातीचा सीटी मात्र सांगितला. हॉर्मोनच्या गोळ्या यावर चालत नाहीत. भोवतालचा साधारण १ सेंमी निरोगी भाग, म्हणजे मार्जिन, घेऊन गाठ अख्खी निघणं, हाच मुख्य उपचार. पटतं सगळं. पण रात्री परत तेच, नक्की एवढंच पुरे?

स्तनाच्या गाठींत १ टक्क्याहूनही कमी असणारी ही गाठ माझ्याच वाट्याला का? वॉर्डात बायका एकमेकींना केमोच्या सायकलच्या तारखा विचारतात. मला कोण काय विचारणार? ताईशी बोलावं तर ती... जाऊ दे.

मी तर म्हणत होते, सगळा स्तनच काढून टाका. मार्जिन स्वच्छ मिळत असेल, तर तेवढ्याने आयुष्य वाढल्याचं दिसत नाही, असं त्यांचं उत्तर. तेही जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून. म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने या गाठीचं वर्णन केलं १८३८ मध्ये, तरी दोन गट पाडून नीट तुलना करण्याइतके रुग्ण जमणंच मुश्कील. याचा मला मनापासून राग येतो.

संध्याकाळी फाईल काढली. सर्वांत जवळचं मार्जिन १.२ सेंमी, कडेला गाठीच्या पेशी नाहीत. ती ओळ बोट ठेवून वाचली. त्या बाईंचा आजार वेगळ्या वाटेने जाणारा, म्हणून त्यांचे उपचार वेगळे. आणि मला हेवा वाटत होता तो त्या गोळ्यांचा. रोज रात्री आजाराविरुद्ध आपण काहीतरी केलं, असं वाटायला एखादी गोळी हवी होती मला. ती नाही. उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. माझ्या हातात आहे ते हे, आणि ते कमी नाही.

सीटीची तारीख घेतली आहे. रेडिएशनचं सर्जन सगळ्या डॉक्टरांशी बोलून सांगणार आहेत. द्यायचं ठरलं तर घेईन. नको म्हणाले, तर का नको ते तिथेच बसून पुन्हा विचारून घेईन.