वहीवरचं नाव

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

आज शाळेत गेले तेव्हा बागेतल्या नेपाळी कुटुंबातला तो मुलगा वही घेऊन धावत आला. नवी वही, वर लेबल, लेबलवर त्याने स्वतःच्या हाताने नाव आणि आडनाव लिहिलेलं. आडनाव लाल पेनाने खोडून वर सरांच्या अक्षरात 'बहादूर'. "मॅडम, सर म्हणतात मी माझं आडनाव चुकीचं लिहितो. रजिस्टरला बहादूर आहे." तक्रार नव्हती त्याच्या आवाजात, नुसतं विचारत होता, की बरोबर कुठलं.

सरांना काय बोलणार. रजिस्टरला आहे तेच ते लिहिणार. आणि रजिस्टरला ते मी घातलंय.

घरी येऊन फाईल काढली. २०२३ च्या जूनमधला त्याच्या प्रवेशाचा अर्ज, झेरॉक्स आहे माझ्याकडे. अक्षर माझंच. तो दिवस मला आता नको इतका आठवतोय. पाऊस, बागेतली ती पत्र्याची खोली, त्याची आई दारात उभी, आणि मी फॉर्म गुडघ्यावर धरून बागवाल्या काकांना विचारलं, आडनाव काय लावायचं? तिला नाही, काकांना. "बहादूर लाव गो, सगळे बहादूरच ते." आणि मी लावलं. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

मला एवढ्यावरच थांबता आलं असतं, की बाई, घाई होती, पाऊस होता. पण अर्जाच्या खाली तिची सही आहे. अंगठा नाही, सही. देवनागरीत, वळणदार, नाव आणि पुढे आडनाव, स्वच्छ वाचता येतंय. नेपाळी आपल्याच लिपीत लिहितात हे मला माहीत होतं की. म्हणजे मी वर काय लिहिलंय ते तिने वाचलं आणि मग खाली खरं आडनाव लिहून सही केली. अडीच वर्षं ते माझ्या फाईलीत पडून आहे आणि मी ती सही फक्त 'आहे ना' एवढीच बघितली.

खरं सांगू तर संध्याकाळी रडू आलं ते आधी स्वतःसाठीच आलं. बारा वर्षं झाली समाजकार्याच्या या कामाला. त्या ॲडमिशनसाठी तीन चकरा मारल्या होत्या बागेत, दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून अडवत होते तेव्हा २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढून भांडले, कागद नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही हे ठासून सांगितलं. बाहेरचे लोक कशाला म्हणाला कोणी, तर १९५० च्या भारत-नेपाळ करारावर बोलले, की नेपाळच्या माणसाला इथे राहायला, काम करायला मोकळीक आहे. एवढं सगळं केलं आणि शेवटी हातात काय तर हे. कोणी केलं असतं एवढंसुद्धा? असं बराच वेळ चाललं होतं डोक्यात.

पण ती सही परत परत समोर येते.

२०१४ ला दिल्लीत निडो तानियाला मारलं, अरुणाचलचा पोरगा, दिसण्यावरून चिडवलं तिथून सुरुवात झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढे ईशान्येकडच्या लोकांना होणारा त्रास बघायला बेझबरुआ समिती बसली. आम्ही तेव्हा एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.सारख्या कोर्सला होतो, मी रात्रभर जागून पोस्टर केलं होतं, 'वंशभेद आपल्याकडेही आहे'. तळमळीने केलं होतं, खोटं नव्हतं त्यात काही. फक्त वंशभेद दिल्लीत आहे असं धरून चालले होते मी. इथे बागेला राखणीला नेपाळी, मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीवर खलाशी नेपाळी, मोहोर आला की पंप पाठीला लावून फवारणी करतात तेच, आणि आपण अख्खं गाव त्यांना दोन शब्दांत संपवतो, गुरखा नाहीतर बहादूर. केसवर्कच्या, म्हणजे एकेका माणसाबरोबर कसं काम करायचं त्या विषयाच्या, पहिल्या लेक्चरला बिएस्टेक या लेखकाची सात तत्त्वं पाठ केलेली, १९५७ ची, त्यातलं पहिलंच की प्रत्येक माणूस वेगळा, त्याचा तो. परीक्षेत पूर्ण मार्क होते मला त्या प्रश्नाला.

आजोबा मुंबईत घरगडी होते. तिथे घरगडी म्हणजे रामा, रत्नागिरीहून गेलेला कोणीही असो. आजोबांचं नाव रामा नव्हतं. आजी हे सांगायची तेव्हा आवाज खाली करायची... जाऊ दे, ते आत्ता नको.

इथेही मुलाचं नाव लिहीत नाहीये. गोपनीयता पाळायलाच हवी, तरी लिहिताना टोचलंच.

शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबरच बागेत गेले होते. वाटेत तो सहावीचं सांगत होता, 'शाला' म्हणतो तो अजून, त्यांच्यात ळ नाही. आई चुलीपाशी होती. मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे, मी तुम्हाला विचारलं नाही. आणि मग तोंडातून गेलंच, तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाली, "बाबू को स्कूल में लेना था ना, दीदी." बस. मी ज्या अर्जावर भांडले तोच तिच्यासाठी कधीही फाटू शकणारा कागद होता.

रागावली नाही ती. रागावली असती तर मला हलकं वाटलं असतं, पण मला हलकं करणं तिचं काम नाही. मला हे घेऊनच पुढचं करायचंय. दुरुस्तीला वरून मंजुरी लागते, वेळ लागेल, प्लास्टिकच्या पिशवीतून तिने नवऱ्याची नागरिकता, म्हणजे नेपाळचा नागरिकत्वाचा दाखला, काढून दिली, ती जोडायची. बाकीच्या अकरा मुलांचे अर्ज उद्या बाहेर काढणार आहे, सह्यांसकट.

दुरुस्तीचा अर्ज मी लिहायला घेतला तर नावाच्या जागी आल्यावर तिने पेन मागितलं. वाकून, सावकाश, स्वतः लिहिलं. त्यातला एक उकार आपल्या शुद्धलेखनात दीर्घ लागतो. पेन परत हातात आल्यावर माझा हात तिथपर्यंत गेला होता. मी टोपण लावलं.