१२३४५६७८९८७६५४३२१ : ३३३६६७ चा निकाल लागला

मागील नोंदीत या सतरा अंकी संख्येचे अवयव मांडले होते : ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. त्यावरून, प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की, विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५ निघतात. मात्र हा हिशेब ३३३६६७ मूळ संख्या असेल, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेच भाग जात नसेल, तरच खरा, आणि ते मी तोवर कोष्टकावर विसंबून मानले होते. या आठवड्यात ते कागदावर सिद्ध केले.

ही सतरा अंकी संख्या नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा वर्ग आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना डेम्लो हे नाव दिले, तेही मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावरून. दहा वेळा १ घेऊन वर्ग केला की मधोमध १० येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. अंकांची ही चढउतार देखणी खरी, परंतु हातच्याचे कारण कळल्यावर तिच्यात फारसे काही उरत नाही. माझ्या मते खरी गंमत अवयवांत आहे.

३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ हून किंचित मोठे असल्यामुळे सरळ मार्गाने १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. परंतु ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला निःशेष भाग जातो, म्हणून तिचा कोणताही मूळ अवयव १० च्या नवव्या घातातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येचाही अवयव असतो. तो ९९९ चाही अवयव असेल, तर ३ किंवा ३७ एवढेच पर्याय राहतात, आणि ३३३६६७ = ९९९ × ३३४ + १ असल्याने ते दोन्ही बाद होतात. म्हणजे १० च्या ज्या सर्वांत लहान घातातून १ वजा केल्यावर त्या अवयवाने भाग जातो, तो नववाच. मग फर्माच्या प्रमेयानुसार (मूळ अवयव प असेल, तर १० च्या प − १ व्या घातातून १ वजा केल्यावरही प ने भाग जातो) त्या अवयवातून १ वजा केल्यास ९ ने भाग गेला पाहिजे, आणि अवयव विषम असल्याने १८ नेही. एवढ्याने यादी १९, ७३, १०९ पासून ५७७ पर्यंत अवघ्या सोळा संख्यांवर आली.

पहिल्या खेपेस मी वर्गमूळ अंदाजे ५७० धरून ५४१ वर थांबलो आणि ५७७ राहून गेली. तिचा वर्ग ३३२९२९ असल्यामुळे ती तपासणे भागच होते. बाकी १६१ उरली. ५२३ ने तर क्षणभर धडकी भरवली, कारण ५२३ × ६३८ = ३३३६७४, म्हणजे अवघ्या ७ चा फरक. सोळांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

आता अकरा वेळा १ लिहून होणारी संख्या घेतली आहे : २१६४९ × ५१३२३९. तिथे अवयवातून १ वजा केल्यास २२ ने भाग जावा लागतो, त्यामुळे २१६४९ साठी २३, ६७ आणि ८९ एवढ्याच तपासाव्या लागल्या, आणि बाक्या अनुक्रमे ६, ८, २२ आल्या. ५१३२३९ ची यादी करून ठेवली आहे. या वेळी वर्गमूळ आधी नीट काढले.