अक्षरं आधी, बासरी नंतर

सोमवार, रात्री

बासरीच्या मैफलीच्या पोस्टरचा मजकूर आज ठरला. ज्यावर कोरून छापायचं त्या लिनोलियमच्या तुकड्यावर, म्हणजे लिनोवर, अजून एक रेघही पडलेली नाही, तरी अवघड भाग मागे पडल्यासारखा वाटतोय. आयोजकांच्या कागदावर वादकांची नावं होती, उपाध्या होत्या, संयोजन समिती होती, आभार होते, प्रवेशिकांचे नियम होते. त्यातलं मी कोरणार ते एवढंच: बासरीवादकाचं नाव, तबलावादकाचं नाव, तारीख, वेळ, जागा. बाकीचं वेगळ्या पत्रकावर छापून घ्या म्हटलं. बराच वेळ बोलणं झालं, पण त्यांना पटलं.

या बाबतीत मी हटून बसते आणि यापुढेही बसणार. संगणकावर आणखी दोन ओळी घालायला काही पडत नाही, म्हणून त्या घातल्या जातात, आणि लांबून बघणाऱ्याला नुसता करडा कागद दिसतो. कोरायचं म्हटलं की प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा हाताखालून जाते. मग कोणता शब्द लागतो आणि कोणता नुसता मानापानासाठी आहे, हे लगेच कळतं. रस्त्याने जाणाऱ्याला कोण, कधी, कुठे एवढं चालता चालता मिळायला हवं. थांबला तर चित्र आहेच.

मंगळवार

मी आधी अक्षरं मांडते, चित्र त्यांच्या उरलेल्या जागेत बसवते. पुष्कळजण याच्या उलट करतात. चित्र जीव ओतून कोरतात, खाली एक पट्टा मोकळा ठेवतात आणि त्यात संगणकावरचा फॉन्ट छापून घेतात. मला ते बघवत नाही. वर कोरणीचा हात आणि खाली यंत्राची गुळगुळीत कड, अशी एका कागदाची दोन कागदं होतात.

खिळ्यांच्या, म्हणजे जुळवून लावायच्या सुट्या अक्षरांच्या ठशांच्या, छपाईबद्दल मात्र माझी ही तक्रार नाही. अमेरिकेत नॅशव्हिलला हॅच शो प्रिंट नावाचा छापखाना १८७९ पासून चालू आहे. गाण्याच्या कार्यक्रमांची असंख्य पोस्टरं तिथे लाकडी खिळे आणि हाताने कोरलेले ठोकळे एकत्र लावून छापली गेली. तिथे अक्षर आणि चित्र दोन्हींवर एकच रोलर फिरतो, एकच शाई लागते, दाब एकच असतो, म्हणून ते एकजीव दिसतं. ठोकळा खिळ्यांच्या शेजारी बसवायचा तर त्याची उंची खिळ्याएवढी हवी. अमेरिकी खिळ्याची उंची ०.९१८ इंच असते, आणि त्यासाठी लिनो अशा लाकडावर चिकटवतात की दोन्ही मिळून तेवढी उंची भरते. माझ्याकडे खिळे नाहीत. मग अक्षरं मीच कोरायची, चित्र ज्या ठोकळ्यात आहे त्याच ठोकळ्यात आणि त्याच कोरणीने.

पिकासोने १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी हेच केलं. मातीच्या भांड्यांची प्रदर्शनं आणि बैलझुंजी यांची पोस्टरं त्याने लिनोत कोरली, इदाल्गो आर्नेरा या मुद्रकाने ती छापली. त्यांतली हाताने कोरलेली अक्षरं बघताना चित्र कुठे संपलं आणि मजकूर कुठे सुरू झाला हे शोधावंसं वाटत नाही. इतका मोठा चित्रकार गावातल्या प्रदर्शनाची तारीख स्वतः कोरत बसतो, ही गोष्ट मला फार धीर देते.

आराखडा असा: बासरी आडवी नाही, तिरकी, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर जाणारी. वादकाचा चेहरा नाही, बोटंही नाहीत. वादकाचं नाव वरच्या तिसऱ्या भागात, इतकं मोठं की बासरीचं टोक त्याच्या शिरोरेषेला जाऊन भिडतं.

रंग दोन, ठोकळा एकच. म्हणजे रिडक्शन पद्धत: आधी फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग तोच ठोकळा आणखी कोरून गडद रंग त्यावर छापायचा. दुसऱ्या कोरणीनंतर पहिला रंग पुन्हा छापता येत नाही, म्हणून एकूण प्रती किती हे आजच ठरवावं लागलं, वाया जाणारी कागदं धरून. आयोजकांना हेही स्पष्ट सांगितलं: नंतर वाढवून मिळणार नाहीत.

बुधवार

आज पहिली कोरणी. फक्त पांढरं राहणार तेवढंच काढलं: बासरीच्या अंगावरची उजेडाची कड आणि फुंकेच्या जागेपासून निघणाऱ्या रेघा.

व्ही आकाराच्या कोरणीचं मला कायम नवल वाटतं. खोल गेली की रेघ रुंद होते, वर आली की बारीक होते, आणि हे सगळं न थांबता, एका हालचालीत. मनगट किंचित खाली, किंचित वर. अशी लांब रेघ मींडेसारखी, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकल्यासारखी निघते, मधे कुठेही सांधा नसतो. पेन्सिलीने हीच रेघ काढताना मी चार वेळा खोडते. कोरणीने खोडता येत नाही, म्हणून हात आधीच ठरवून निघतो. बासरीच्या पोस्टरला लिनो शोभतो तो या एका रेघेसाठी.

थंड लिनो कडक असतो, कोरणी घसरते, कडा तुटतात. म्हणून सुरुवातीला ठोकळा थोडा शेकून घेतला. ऊब लागली की तो मऊ होतो आणि त्याचा वास येतो, जवसाच्या तेलाचा. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायचं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने १८६० च्या दशकात ते काढलं: हवेने घट्ट झालेलं जवसाचं तेल, राळ, बुचाचा भुगा, रंगाची भुकटी, आणि पाठीला तागाचं कापड. आणि मी वापरते ती शाईही जवसाच्याच तेलात घोटलेली. हवेतला प्राणवायू घेऊन शाई कागदावर वाळते. त्याच कारणाने कपाटात राहिलेला लिनो वर्षागणिक टणक होत जातो. जुना तुकडा कोरायला का जड जातो याचं उत्तर शाईच्या डब्यावर धरलेल्या सायीत आहे, हे समजल्यापासून मी ताजा लिनोच घेते.

संध्याकाळी पहिला रंग छापला, गेरूकडे झुकणारा पिवळा. काचेवर शाई पसरून रोलर फिरवताना कानाकडे लक्ष ठेवते. शाई जास्त असली की चिकट, फाटल्यासारखा आवाज येतो. बरोबर झाली की बारीक, सलग सळसळ होते. त्या सळसळीआधी ठोकळ्याला रोलर लावायचा नाही. प्रत्येक कागद टेबलावरच्या त्याच दोन पिनांत अडकवला, नाहीतर दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसणार नाही. सगळ्या प्रती दोरीवर वाळत आहेत.

शुक्रवार

अक्षरं कोरली. दिवसभर दुसरं काही केलं नाही, त्यामुळे आज लांब लिहिणार.

अक्षरं गडद रंगात, उठावाची, म्हणजे ती तशीच ठेवून आजूबाजूचं कोरून काढलेलं, आणि खाली सलग पिवळा. हे मुद्दाम. पिवळ्यात अक्षरांच्या आजूबाजूला काहीच कोरलेलं नाही, तेव्हा दुसरा रंग केसभर सरकला तरी अक्षराला सावली पडणार नाही. सरकलेलं दिसलंच तर बासरीच्या कडेला दिसेल, आणि तिथे ते खपून जातं. वाचायचा मजकूर चुकीच्या वाटेवर ठेवायचाच नाही.

दुसरी वाट होती: अक्षरं खोदून पांढरी काढायची. ते सोपं आणि जलद. नंदलाल बोसांनी १९३० साली काठी घेऊन चाललेले गांधीजी लिनोत कोरले, ते असेच, काळ्यावर पांढऱ्या रेषांत. तिथे एका माणसाची एकटी चाल पुरेशी आहे. इथे पाच ओळी वाचायच्या आहेत, आणि संध्याकाळच्या उजेडात फिक्यावरचं गडद लवकर सापडतं असा माझा अनुभव आहे.

देवनागरी उठावाने कोरताना शिरोरेषा किती मदत करते! सगळी अक्षरं तिला धरून उभी असतात, एकेकटा काना झुलत नाही, रोलर त्या आडव्या पट्टीवरून सरळ चालत जातो आणि अक्षरांमधल्या खड्ड्यांत बुडत नाही. उलट अनुस्वार अगदी एकटा. चारही बाजूंनी कोरून उरलेलं ते टिंब छपाईत सगळ्यात आधी तुटतं. म्हणून मी अनुस्वार जरा मोठा आणि चौकोनाकडे झुकणारा ठेवते, आणि त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला उतरत्या कोरते, म्हणजे टिंबाचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहतो. हा उतार सगळ्याच अक्षरांना लागतो. कोरणी आत वळली आणि कडेखालचं लिनो पोखरलं गेलं तर ती कड पुढे कधीतरी ढासळतेच.

उलटं कोरायचं असल्यामुळे एक गंमत होते: आरशात ह्रस्व वेलांटी दीर्घ दिसते आणि दीर्घ वेलांटी ह्रस्व. शुद्धलेखनाची सवय असलेला हात तिथे आपोआप दुरुस्ती करायला धावतो. म्हणून सुलटा आराखडा समोर टांगून ठेवते, आणि कोरताना शब्द वाचतच नाही. नुसते आकार बघते, त्यातही काळ्यापेक्षा पांढरे. ‘व’च्या पोटातली जागा, ‘म’च्या पायाशी उघडी राहिलेली खिडकी, ‘श’मधली अडचण. अशा लहान जागांत वळण घेताना हात स्थिर ठेवून ठोकळा फिरवायचा. ठोकळा पकडणारा हात कायम पात्याच्या मागे. हा नियम मी झोपेतही मोडणार नाही.

ओळींमधलं अंतर ही देवनागरीची खरी कसोटी. वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात, खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि रफार वर येतात. रोमन अक्षरांसाठी आखलेलं अंतर इथे चालत नाही. सगळीकडे मोकळी जागा सोडली की ओळी एकमेकींपासून तुटतात. मी त्या गुंतवते. तबलावादकाच्या नावातली वेलांटी वरच्या नावातल्या दोन उकारांच्या मधे नेऊन बसवली. फॉन्टला हे सुचत नाही. पोस्टरमधली मला सगळ्यात आवडलेली जागा तीच आहे, बासरीपेक्षाही.

अक्षरांभोवतीची जमीन पूर्ण साफ केली. कोरलेल्या भागात उरणारे लहान उंचवटे छापात बारीक रेघा सोडतात, आणि लिनोकट, म्हणजे लिनोवरून छापलेलं चित्र, म्हटलं की त्या रेघा हव्यातच असा एक समज आहे. बासरीच्या बाजूला मी त्या ठेवल्या, कारण तिथे त्या फुंकेच्या दिशेने धावतात. तारखेच्या आकड्यांभोवती एकही ठेवली नाही.

रविवार

गडद निळा छापला. पिवळा आतून किंचित हिरवट डोकावतोय आणि निळा त्यामुळे थंड पडलेला नाही. प्रेस वापरली नाही, सगळं हातानेच घासलं, लाकडी चमच्याच्या पाठीने, मोठ्या नावावर जास्त वेळ. कागद उचलायच्या आधी एक कोपरा वर करून बघते, शाई कमी वाटली तर तसाच परत टेकवून पुन्हा घासते. पिनांमुळे तो जागेवरच बसतो.

१९२० च्या दशकात लंडनच्या ग्रोव्हनर स्कूल या कलाशाळेत क्लॉड फ्लाइट नावाचा चित्रकार लिनोकट शिकवायचा. छत्रीच्या काडीपासून केलेली कोरणीही चालेल म्हणायचा, आणि छापाचित्र सिनेमाच्या तिकिटाच्या भावात मिळावं असं त्याला वाटायचं. लिनो स्वस्त होता, प्रेसची गरज नव्हती, म्हणून तो हे म्हणू शकला. पोस्टर त्याच्याही पुढे जातं: ते बघायला तिकीटच लागत नाही.

आयोजकांनी आज विचारलं, सगळ्याच प्रती सही करून दारापाशी विकायला ठेवू का? मी नाही म्हटलं. मोजक्या ठेवा, त्यातून कलाकारांना थोडं मिळू दे, पण बाकीच्या सगळ्या बाहेर लागल्या पाहिजेत, फलकांवर, भिंतींवर, दुकानांच्या काचांवर. ऊन लागेल, कोपरे फाटतील. वाळलेली तेलाची शाई पाण्याने जात नाही, कागद मात्र जाईल. जाऊ दे. ज्याला बासरी ऐकायची आहे त्याला दिवस आणि वेळ कळावी म्हणून मी कोरलंय. मैफलीनंतर कोणी एखादी प्रत भिंतीवरून नीट सोडवून घरी नेली तर माझी काही हरकत नाही.